दीड वर्ष मांगरात उभी मारुती ८००. मागचं उजवं चाक हलेना

जांभ्याचा_चिरा

नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची मारुती ८००, पांढरी, बाबांची. गावचं घर साखरप्याजवळ. गेल्या वर्षी मे महिन्यात बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, ते आमच्याकडे डोंबिवलीला आले आणि गाडी तेव्हापासून मांगरात. दोन पावसाळे गेले. मांगराला तीन बाजूंनी चिऱ्याची भिंत, वर कौलं, पुढची बाजू उघडी. पाणी थेट गाडीवर पडत नाही, पण जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपाटातले कपडेसुद्धा ओले लागतात, तिथे लोखंडाची काय कथा.

दिवाळीला बाबांना घेऊन गेलो. नवी बॅटरी नेली होती. जुनं पेट्रोल काढता येईल तेवढं काढून नवीन टाकलं, इंजिन सहाव्या प्रयत्नात सुरू झालं. (एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने काजूबियांचं कोठार केलं होतं, तो वेगळा विषय.) बाबा ओटीवर खुर्ची टाकून बसलेले, एकदम खूश. पहिला गियर टाकून क्लच सोडला, तर गाडी मागून खाली बसली आणि इंजिन बंद. पुन्हा तेच. रिव्हर्सला बूड वर उचललं, पण जागची हलली नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हँडब्रेक! बाबांनी ३१ वर्षं एसटी चालवली. गाडी सपाट अंगणात उभी केली तरी हँडब्रेक शेवटच्या टकटकीपर्यंत ओढणार. दीड वर्ष तो तसाच होता. मी लिव्हर खाली केली तर ती लुळी पडली, खाली काही जोडलेलंच नसावं अशी. बाबांना म्हटलं, एवढा ओढून कशाला ठेवलात? तर म्हणाले, "मग कंपनीने दिलान कशाला तो?"

जॅकवर घेऊन बघितलं. पुढची दोन्ही चाकं हाताने फिरतात, खर्र खर्र आवाज येतो. मागचं डावं जोर लावल्यावर कुरकुरलं आणि सुटलं. मागचं उजवं जराही हलत नाही.

आता वाडीतले सल्ले. एक म्हणतो ट्रॅक्टर लावून ओढ, आपोआप सुटेल. दुसरा म्हणतो ड्रमवर डिझेल ओतून रात्रभर ठेव. देवरुखला फोन केला तर मेकॅनिक म्हणाला, गाडी इकडे घेऊन या. अहो, आणता आली असती तर फोन कशाला केला असता?

स्कूटरचे ब्रेक शू मी स्वतः बदलतो, हत्यारं धरता येतात. पण गाडीच्या ब्रेकला आजवर हात लावलेला नाही. पुढच्या शनिवार-रविवारी परत जाणार आहे. सुरुवात कुठून करू?

निवांत_नाशिककर

माझी ओम्नी अशीच सुटली होती. जीपने ओढली, फाडकन आवाज आला आणि चाकं फिरायला लागली. फार विचार करू नका.

पाना_दहा_अकरा

दादा, ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजून परत पाठवा. नाशिककर, तुमची सुटली हे तुमचं नशीब. तो फाडकन आवाज कशाचा होता ते ड्रम उघडून बघितलं होतं का?

माझं कोल्हापूरला गॅरेज आहे. पावसाळा सरला की बंद घरात ठेवलेल्या अशा चार-दोन गाड्या दरवर्षी घाट चढून टेंपोतनं येतातच. आत काय झालंय ते आधी समजून घ्या, मग हात आपोआप बरोबर जागी जाईल.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा गोल डबा. तो बिडाचा असतो, ओल लागली की गंजणारच. हँडब्रेक ओढलेला म्हणजे शूवरचं लायनर, म्हणजे घासणारा थर, ड्रमला आतनं दाबून टेकलेलं. दोघांच्या फटीत ओल अडकली, ड्रमला गंज चढला आणि त्या गंजानं लायनर धरलं. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी केबलची. आवरणात पाणी शिरतं आणि आतली तार गंजून तिथंच धरते. तुमची लिव्हर लुळी पडली म्हणताय, म्हणजे लिव्हर सुटली पण तार मागे सरकलीच नाही. तिकडे शू अजून ओढलेलेच आहेत. मला जास्त संशय हिचाच. तिसरी गोष्ट म्हणजे व्हील सिलिंडरचा पिस्टन, पेडल दाबलं की शू ढकलतो तो. तो बहुतेक वेळा दोषी नसतो, पण उघडल्यावर बघायचाच.

आता गाडी उचलायची. कोब्यावर घ्या, मातीवर नको. मागनं उचलताना हँडब्रेकचा भरवसा शून्य, म्हणून पहिला गियर टाका आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढनं-मागनं ओट लावा. जॅकनं उचलून खाली लोखंडी घोडी लावा, मगच हात आत घाला. आणि तुमचं नाव कितीही झकास असलं तरी गाडीखाली चिरा लावायचा नाय. वीट, चिरा, सिमेंटचा ठोकळा, ही मंडळी न सांगता फुटतात. चाकाला ओट म्हणून चिरा चालतो, गाडीखाली नाय.

मग लिव्हरपाशी केबलचा नट पूर्ण ढिला करा. खाली जाऊन उघडी तार जिथं दिसते तिथं पकडीनं हलवून बघा. जी सरकत नाही ती जाम. आवरणाच्या तोंडात गंज सोडवायचा स्प्रे मारा आणि रात्रभर सोडा. ब्रेक प्लेटच्या मागं रबरी बूच असलं तर ते काढून पेचकसानं आतली लिव्हर ढकलून बघा. एवढं करूनही केबल नाहीच हलली तर सरळ कापा. नवीन टाकायचीच आहे, तिच्यावर जीव कशाला लावायचा?

एवढ्यानं चाक सुटलं तर उत्तम. नाय सुटलं तर ड्रमवर हातोडा चालवायच्या आधी चाक परत लावा, नट आवळा आणि चाकाला धरून पुढं-मागं झटके द्या. ड्रम नुसता हातात धरून काय ताकद लागणार? चाक लावलं की तरफ मिळते. त्यानंही नाय झालं तर मोगरीनं टायरला झटके. शेवटचा उपाय म्हणजे चाक काढून, लाकडाचा तुकडा मध्ये धरून ड्रमच्या तोंडावर, जिथं आत शू आहे त्या भागावर, गोल फिरत ठोकायचं. कडेवर नको, बिडाचा टवका उडतो. ८०० च्या मागच्या ड्रममध्येच बेअरिंग बसतात, म्हणून मधोमध तर अजिबात नाय.

डिझेल आत जाऊ देऊ नका. लायनर तेल पितं, मग ते फेकायचंच. आणि सिलिंडरच्या आतल्या रबरी वाट्या डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल लागलं की फुगतात. गॅसची ज्योत तर स्वप्नातही नको. आत ग्रीस, रबर आणि ब्रेक ऑइल आहे.

सगळ्यात महत्त्वाचं. चाक सुटलं म्हणजे काम झालं असं समजू नका. ड्रम उघडल्याशिवाय गाडी हलवायची नाय.

काळी_पद्मिनी

पाना दादांनी मागची बाजू सांगितलीच आहे. मी पायाखालची सांगते, कारण तिथे मी स्वतः आपटले आहे.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आम्ही तीन वर्षांनी बाहेर काढली. चारही चाकांना ड्रम. दोन दिवस घासून-पुसून चाकं सोडवली, नवीन ब्रेक ऑइल भरलं, आणि नळ्यांतली हवा काढताना मी उत्साहाने पेडल तळापर्यंत दाबत राहिले. संध्याकाळी ब्रेक उत्तम. सकाळी पेडल थेट जमिनीला. झालं असं की रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा (पेडलला जोडलेला, ऑइल ढकलणारा) पिस्टन थोडाच पुढे जातो. त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षं कुणी वापरलेला नसतो, तिथे गंज आणि गाळ बसतो. मी पेडल तळाला नेलं आणि आतलं रबर त्या खरखरीत भागावरून फरफटलं. तेव्हापासून मी पेडलखाली लाकडाची फळी ठेवते, पाय अर्ध्यावर अडला पाहिजे.

दुसरं म्हणजे जुनं ब्रेक ऑइल ठेवू नका. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, तुमच्याकडे तर बादलीने. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच हमी १४० वर येते. घाट उतरताना ते उकळून आत वाफ झाली तर पेडल दाबाल आणि काहीच होणार नाही. शिवाय तेच पाणी सिलिंडरला आतून गंजवतं. डबा सीलबंद घ्या, घरात दोन वर्षांपूर्वी उघडलेला वापरू नका. आणि रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून काढतं. आमच्या पद्मिनीच्या डाव्या मडगार्डवर खूण आहे, आई अजून बोलून दाखवते.

आतली काळी भुकटी तोंडाने किंवा पंपाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

जांभ्याचा_चिरा

दोघांचे आभार. घोड्या डोंबिवलीतून घेतल्या, बाबा म्हणाले, "गाडीपेक्षा पाटाला खर्च जास्त." एक शंका. मागच्या ब्रेकचा निपल (हवा काढायचा स्क्रू) सोडून बघू का? कुठेतरी वाचलं की दाब अडकलेला असला तर निपल सोडल्यावर चाक मोकळं होतं.

पाना_दहा_अकरा

बघा, पण तुमच्या केसमध्ये त्यानं फरक पडेल असं वाटत नाय. तो प्रकार जास्त करून पुढं होतो. रबरी होज आतनं फुगतो, पेडल दाबलं की ऑइल पुढं जातं पण परत येत नाय. निपल सोडल्यावर चाक मोकळं झालं तर दोष होज किंवा मास्टर सिलिंडरचा. नाय झालं तर कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन किंवा पिना. तुमची पुढची चाकं फिरतायत म्हणजे तिकडे फक्त डिस्कवरचा गंज पॅडला घासतोय.

निपलला आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा आणि रिंग पानाच लावा. फिक्स पान्यानं कोपरे गेले की निपल तुटणार, आणि मग सिलिंडरच बदला.

जांभ्याचा_चिरा

आलो परत. सोमवारची रजा टाकावी लागली, सगळं लिहितो.

शुक्रवारी रात्री पोचून बॅटरीच्या उजेडात स्प्रे मारून ठेवला. शनिवारी सकाळी लिव्हरपाशचा नट ढिला केला. डावी तार पकडीने सरकली. उजवी नाही. बूच काढून पेचकसाने ढकललं, तरी नाही. दहा वाजता बाबांची परवानगी घेऊन हेक्सॉ लावली. तारेचे शेवटचे दोन पदर तुटले तेव्हा टण्ण आवाज आला आणि तार दोन बोटं मागे उडाली. म्हटलं झालं. चाक फिरवून बघितलं. ढिम्म.

म्हणजे केबल आणि लायनर दोन्ही. चाक परत लावलं, नट आवळले. झटके देऊन काही झालं नाही. मग सुताराकडून आणलेली बाभळीची मोगरी काढली. टायरला वरून तीन-चार झटके, मग खालून. पाचव्या-सहाव्याला कोवळी काठी मोडावी तसा आवाज आला आणि चाक फिरलं! बाबा ओटीवरून ओरडले, "सुटलान! चल, बाहेर काढ." खरं सांगतो, मीही चावी हातात घेतली होती. पण चाक फिरवताना प्रत्येक फेऱ्याला एकदा कट् वाजत होतं. पाना दादांचं शेवटचं वाक्य आठवलं आणि चावी खिशात ठेवली.

मधली टोपी काढली, स्प्लिट पिन गंजून तिथेच मोडली, ती पोगराने काढायला पाऊण तास. कॅसल नट सोडला, पण पूर्ण नाही, चार आट्यांवर ठेवला. चाक परत हलकं लावून दोन्ही हातांनी आलटून पालटून ओढलं. ड्रम थोडा थोडा बाहेर येत शेवटी नटावर येऊन आपटला. तो नट नसता तर ड्रम चाकासकट माझ्या मांडीवर असता.

आत बघतो तर एका शूवर लायनरच नाही. नुसता पत्रा. लायनरची जवळजवळ सबंध कमान ड्रमलाच चिकटलेली, थंड तव्याला घावन चिकटावं तशी. एका टोकाला तिचा बोटभर तुकडा मोडून सुटा झाला होता आणि तोच कट् वाजत होता. मी गाडी बाहेर काढून पहिलं पेडल दाबलं असतं तर तो तुकडा शू आणि ड्रमच्या मधे आडवा गेला असता. नाशिककर, तुमच्या ओम्नीचा फाडकन आवाज असाच असावा, एकदा उघडून बघाच.

लायनर ड्रमवरून काढायला लाकडी पट्टी आणि संयम. पेचकस लावला नाही, ड्रमला ओरखडे नकोत म्हणून. गंजाची चंद्रकोर ड्रमवर उठली होती, ती बारीक पॉलिश पेपरने घासली. बोट फिरवल्यावर खाच लागत नाही, आणि ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा बराच आत आहे, म्हणून तोच ठेवला.

व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचललं तर आतून ऑइल नाही, चहासारखं पाणी आलं. एका बाजूचा पिस्टन हलत नव्हता. डावीकडे उघडलं तर लायनर जागेवर, पण सिलिंडर तिथेही ओला. दोन्ही बाजूंचे शू, दोन्ही सिलिंडर, केबल, स्प्लिट पिना असं सगळं नवीन मागवलं. एकाच बाजूला नवे शू टाकू नका असं दुकानदारानेही सांगितलं, गाडी ब्रेक मारल्यावर एका अंगाला ओढते. सामान कोल्हापुरातून रविवारी संध्याकाळच्या एसटीने आलं. बाबांनी स्वतः स्टँडवर जाऊन उतरवून घेतलं आणि कंडक्टरशी अर्धा तास गप्पा मारून आले. सामान मला रात्री आठला मिळालं.

सोमवारी जोडणी. स्प्रिंगा लावताना दोनदा बोट चेंगरलं. उघडण्याआधी फोनवर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले होते, नाहीतर कुठली स्प्रिंग कुठे हे कळलंच नसतं. पुढच्या कॅलिपरची एक पिन कोरडी ठणठणीत होती, साफ करून रबराला चालणारं ग्रीस लावलं. डिस्कवरचा गंज अंगणात दहा-बारा वेळा पुढे-मागे केल्यावर पॅडने आपोआप खाल्ला.

हवा काढायला पेडलवर बाबा. ऑपरेशन डाव्या खुब्याचं, उजवा पाय रिकामाच होता. पेडलखाली आजीच्या जुन्या पाटाची फळी. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. मी खालून "दाबा", "धरा", "सोडा" ओरडतोय आणि बाबा वरून, "एसटीत हे हवेवर होतं, असला पोरखेळ नव्हता." पहिलं आलं ते काळं, मग तपकिरी, मग मधाच्या रंगाचं, शेवटी स्वच्छ. पाऊण लिटर गेलं. पेडल आता घट्ट आहे, रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा दाबून बघितलं, तसंच.

विमा आणि पीयूसी दोन्ही संपलेत, त्यामुळे गाडी फाटकाबाहेर नेली नाही. अंगणात मात्र बाबांनी स्वतः तीन चकरा मारल्या.

काळी_पद्मिनी

घावन! आता दर वेळी तवा बघितला की ब्रेक आठवणार. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरला नवीन शू हलक्या पायाने बसवा, लगेच घाट नको. आणि उभी करताना आता काय करणार?

जांभ्याचा_चिरा

पहिला गियर आणि चाकाला चिरा. (गाडीखाली नाही, पाना दादा!) बाबांना नीट समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणि संध्याकाळी गाडी मांगरात लावताना हात आपोआप लिव्हरवर. टक् टक् टक्. स्वतःवरच चिडले. मग आत जाऊन सुतळी आणली, लिव्हर खाली केली आणि सीटच्या नळीला दोन वेढे देऊन बांधून टाकली. आता ती ओढायची म्हटलं तरी ओढता येत नाही.

पाना_दहा_अकरा

काम झकास केलंत दादा. फक्त आंबा घाट चढायच्या आधी ती सुतळी सोडा. आणि दर पंधरा दिवसांनी कुणाला तरी सांगून गाडी अंगणात चार पावलं पुढं-मागं करायला लावा. बाबांनाच सांगा, त्यांना निमित्तच पाहिजे.